त्या उतारावर कुणीच ‘नको’ म्हणालं नाही

सगळे हसत असताना तुम्ही ‘नको’ म्हणालात, असं शेवटचं कधी झालं होतं? घाईनं उत्तर देऊ नका. भांडणातलं, मोर्चातलं, निवेदनातलं ‘नको’ मी विचारत नाही, ते मलाही येतं. आपलीच चांगली माणसं मजेत आहेत, निघायच्या तयारीत आहेत, आणि तुम्हाला एकट्यालाच काहीतरी खटकतंय, अशा वेळचं ‘नको’. आठवून ठेवा. तोवर मी वंदनाशी बोलते.

वंदना, आम्ही जळगावला परत आलो त्याला आठवडा होत आला. इथे ऊन मी म्हणतंय. पंखा गरम हवा खाली ढकलतो. बर्फावरच्या उन्हानं भाजलेल्या माझ्या गालांची साल अजून निघते आहे आणि उजव्या हाताची दोन बोटं टोकाशी बधिर आहेत. डॉक्टर म्हणाले, जाईल हळूहळू. पेन हातात आहे हे मला डोळ्यांनी बघून कळतं. रडू आलेलं नाही. वस्तीतल्या बाया येतात, माझ्याशेजारी बसतात, मी रडत नाही म्हणून जरा नाराज होऊन उठतात. त्यांचंही बरोबर आहे. तुझी नि माझी दोस्ती त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे.

तुझे आबा मात्र काल आले ते बसलेच नाहीत. डाळ मिलमधून सुटून थेट आले होते, अंगावर तुरीची भुकटी तशीच. दारातच उभे राहिले. पाणी दिलं, तेही हातात धरून राहिले. मग म्हणाले, “एक इचारू का बाई?”

“विचारा ना आबा.”

“तिथं इतके जन व्हते तुम्ही. कोन्हीच नको म्हनलं नही का?”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, न पिता, आणि गेले. रागावले नव्हते. त्यांना खरंच माहिती हवी होती. जन्मभर पोती वाहिलेला माणूस, थप्पी कोसळली की पहिलं विचारतो, वर कोण होतं आणि खाली कोण होतं. तसंच त्यांनी विचारलं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासमोर आहे, आणि त्याच्याशेजारी दुसरा. रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्याला जोडून मंडळाची सभा. पत्रक अर्थातच मी लिहायचं. आपल्या मंडळाची सगळी पत्रकं ज्यांच्या ट्रेडल मशीनवर निघाली ते नाना मला म्हणाले, “पोरी, पानभरच लिही. नेहमीसारखं.”

“काय लिहू नाना?”

“निसर्गापुढे कुणाचं चालतं, असं लिही. पहाडाला भिडलेली आपली लेक, असं लिही.”

“निसर्गानं काही केलं नाही नाना. आम्ही उशिरा निघालो.”

नाना छपाईचे खिळे जुळवत होते. त्यांचा हात थांबला. “खरं असेल तुझं. पण हे छापलंस, तर ह्या वस्तीतली पुढची पोर घरातून सुटेल का? टपून बसलेत सगळे. म्हणतील, आम्ही सांगतच होतो.”

ते खोटं बोलत नव्हते. म्हणायला सुरुवात झालीच आहे. तुझ्या घरासमोरच्या मांडवात एक बाई दुसरीला म्हणत होती, “पोरीच्या जातीले काय करायचा व्हता बरफ?” आणि तिथेच, चार खुर्च्या सोडून, पोरं ठरवत होती की पुढच्या मे महिन्यात, जिथे तू गेलीस त्या हिमालयातल्या खिंडीत जायचं आणि तुझ्या नावाची पाटी लावायची. नावं द्यायला लागलीत. त्यातल्या निम्म्यांनी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला आहे.

म्हणजे मी खरं लिहिलं तर मुली अडकणार. निसर्गाचा कोप लिहिला तर ही पोरं त्याच उतारावर त्याच वेळी जाऊन उभी राहणार. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे, आणि त्याचाच राग येतो. तू म्हणाली असतीस, “दोन्ही लिही ना, पत्रकबाई. पानाला पाठ पण असते.”

पाठकोऱ्या पत्रकांवर तर मी मुळाक्षरं गिरवली. आमच्या घरात वही नंतर आली, गठ्ठे आधी. वडील सायकलला गठ्ठे लावून बोदवड, जामनेरपर्यंत वाटून यायचे, उरलेले माझ्या पुढ्यात. एका बाजूला ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’, दुसऱ्या बाजूला माझा वाकडा अ. मला वाटायचं सगळी माणसं असंच बोलतात, वाक्याच्या शेवटी मूठ आवळून. तू पहिली, जिनं मला सांगितलं की मी घरात चहा मागतानासुद्धा निवेदन दिल्यासारखी मागते.

आणि तूच मला पहाड चढायला शिकवणाऱ्या त्या शाळेतून परत आल्यावर म्हणालीस, “एक पत्रक लिहून दे. बर्फात जाणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. इकडची पोरं आता जायला लागलीत, आणि कुणाला काही ठाऊक नाही.” मी एका बैठकीत लिहून दिलं. पहाटे निघा! ऊन चढण्याआधी उतार पार करा! विजय तुमचाच आहे!

तू वाचलंस आणि पोट धरून हसलीस. “विजय कुणावर गं? बर्फानं काय जमीन बळकावलीय आपली? आणि ह्यात ‘कदाचित’ कुठाय?”

“कसलं कदाचित?”

“हा उतार कदाचित सुटेल, कदाचित नाही सुटणार. आपल्याला एवढंच कळतं. तेवढं लिही.”

“कदाचित म्हणणारं पत्रक कोण वाचणार?”

“ज्याला परत यायचंय तो.”

मी कागद ओढून घेतला. त्यावर आपण दोन वर्षं भांडलो, अधूनमधून, कधी टिंगलीत कधी खरंच. मी म्हणायचे, शंका ही चैन आहे, आपल्या माणसांना ठाम शब्द लागतात. तू म्हणायचीस, ठाम माणूस थप्पीखाली पहिला सापडतो. पत्रक राहिलंच. भांडणही अर्धंच राहिलं, आणि आता मला तुझी बाजूही एकटीनं चालवावी लागते आहे.

थप्पी म्हणजे काय ते तू मला मिलच्या गोदामात नेऊन दाखवलं होतंस. आबांचा डबा द्यायला गेलो होतो. जुनी तागाची पोती एकावर एक नीट बसलेली, छतापर्यंत. बाजूला नवी प्लॅस्टिकची, चकचकीत. तू म्हणालीस, “तागाचं पोतं पोत्याला धरतं. ही नवी सरकतात. आबा ह्यांच्या खाली कुणाला उभं राहू देत नाहीत.” मग डब्याच्या झाकणानं हवेत थर दाखवत म्हणालीस, “बर्फ असाच असतो. खाली जुना, कडक, घासून गुळगुळीत. त्याच्यावर नवा पडतो. दोघांचं जमलं तर बरं. जमायच्या आत वरून ऊन लागलं, पाणी मुरून मधल्या जागेत गेलं, की पूर्ण थप्पी एकदम.” मी विचारलं, कळतं कसं? “पाय गुडघ्याइतका खचायला लागतो. वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत येतात, कुणी न ढकलता. काही वेळा आतून धप् असा आवाज येतो. आणि काही वेळा काहीच कळत नाही.”

तो शेवटचा भाग तू तेवढ्याच सहजपणे बोलली होतीस. मी लक्ष दिलं नव्हतं.

पण तुझी मोठी गोष्ट बर्फाची नव्हतीच. ती विचारायच्या पद्धतीची होती. तू म्हणायचीस, आपल्याकडे सभेत आधी आबा बोलतात, मग नाना बोलतात, मग बाकीचे माना हलवतात. पहाडात हे चालणार नाही. म्हणून तू उलटं केलंस. अवघड जागेपुढे सगळ्यांना थांबवायचं आणि एकेकाला नावानं विचारायचं, जायचं की नको. सर्वांत नव्या माणसाला सर्वांत आधी. तू सर्वांत शेवटी. आणि एकाचाही नकार आला तर मतदान नाही, कारण विचारायचं नाही, सगळ्यांनी मागे फिरायचं. मी त्यावरही भांडले. म्हटलं, ही कसली लोकशाही, एक माणूस सगळ्यांना अडवतो. तू म्हणालीस, “बहुमत बर्फाला कुठे कळतं?”

सातपुड्यात, पालच्या जंगलात, हे पहिल्यांदा खरं झालं. जामनेरची संगीता नवीनच आली होती. ओल्या कातळापुढे तू तिला विचारलंस. ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, “अक्का, मला नको वाटतंय.” झालं. फिरलो. धुळ्याचा भास्कर उतरताना सगळ्या रस्त्यानं कुरकुरत होता, “बठ्ठा दिन वाया गया! डबा खावाले उना का आपण?” खाली आल्यावर तू चूल पेटवलीस, चहा केलास आणि पहिला पेला संगीताला दिलास. आपल्याकडे पहिला चहा कुणाला मिळतो? वडीलधाऱ्याला, पाहुण्याला. तिला समजेना घ्यावा की नाही. “घे. नको म्हणणाऱ्याला पहिला चहा. आजपासून रीत.” त्यावर भास्कर म्हणाला, “मंग आते परतेक येळी मीच नको म्हणस!” किती हसलो होतो.

ती रीत चालली. त्यानंतर तीन-चार वेळा आपण मागे फिरलो. एकदा नको म्हणणारी मी होते, आणि मिळालेला तो चहा मला अजून आठवतो. आलं जास्त झालं होतं.

आता ती सकाळ.

दोन दिवस खिंडीखाली तंबूत कोंडून पडलो होतो. बर्फ पडतच होता. पांघरुणं ओली, मोजे ओले, रॉकेलची धग अंगाला लागत नव्हती. तिसऱ्या दिवशी उघडलं. तू अंधारातच उठून हाका मारत होतीस, “उठा, बर्फ कडक आहे तोवर पलीकडे जाऊ.” पण बूट लाकडासारखे झाले होते. पायात जाईनात. तेवढ्यात ऊन आलं.

वंदना, आपण उन्हातली माणसं. मे महिन्यात दुपारी जळगावचा रस्ता कसा रिकामा असतो, कुत्रंसुद्धा गटारात बसतं. उन्हापासून पळणं आपल्याला शिकवावं लागत नाही. आणि तिथे आपण सातही जण मुद्दाम उन्हाकडे पाठ करून दगडांवर बसलो, मोजे वाळत घातले, बूट सुटे केले. कुणी घाई करेना. ते ऊन इतकं मऊ होतं, आपल्या कातडीला ते ऊन वाटलंच नाही. तू दोनदा म्हणालीस, चला. दुसऱ्यांदा तूही जरा बसलीस, डोळे मिटून. तुझा तो चेहरा मला दिसतो.

उतारापाशी पोचलो तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत जात होते. वरून गोळे घरंगळत होते, पेरूएवढे, मागे बारीक रेघ सोडत. तू काठी खुपसून पाहिलीस. बराच वेळ वर बघत राहिलीस. मग वळून म्हणालीस, “उशीर झालाय. ऊन लागलंय उताराला. कुणाचा नकार आहे का?”

सगळ्यांना एकदम. नावानं नाही.

का, ते मला आजही समजलेलं नाही. दोन दिवस वाया गेले होते म्हणून? सोबतचं रेशन संपत आलं होतं म्हणून? थकली होतीस? विचारायला तू नाहीस. एक क्षण कुणीच बोललं नाही. मग भास्करनं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, सूर्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हाई काय ऊन शे? ये आमना धुयाले, मंग दखाडस तुले ऊन! चला रे बठ्ठा!”

उन्हालाच धुळ्याला यायचं आमंत्रण. आपण हसलो. दोन दिवसांनी पहिल्यांदा. आणि त्या हसण्यात तुझाही आवाज होता.

ह्यासाठी मी तुझ्यावर रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुला खोटं सांगून मला काय मिळणार? तुला गोळे दिसत होते. तुला सगळं माहीत होतं. तू हसलीस, आणि मग कुणाला नको म्हणायला जागाच राहिली नाही.

आणि त्याच्या पुढच्याच मिनिटाला तू जे केलंस, त्यामुळे मी हे लिहायला आहे. तू हसू पुसलंस आणि आवाज बदलून म्हणालीस, “एकेकानं जायचं. एक पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, वेळ आली तर फेकता यावी. काठीचा फास मनगटातून काढा.” भास्कर म्हणाला, एकेक गेलो तर दुपार होईल. तू म्हणालीस, होऊ दे. मला खडकापाशी उभं केलंस. “तू बघत राहा. डोळा काढायचा नाही. मी दिसेनाशी झाले तर जिथे शेवटची दिसले ती जागा सोडायची नाही. कळलं का, पत्रकबाई?”

मी म्हटलं, “जा गं, बघते.” तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य एवढंच आहे. ह्याहून बरं काही सुचलं नव्हतं.

पहिली तूच निघालीस. उताराच्या मधोमध होतीस. आवाज मोठा नव्हता. गोदामात थप्पी बसते तसा जड, बसका. तुझ्या वर एक रेघ उमटली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि अख्खा उतार हलला. तू हात मारत होतीस, पाण्यात मारतात तसे. तुझी तपकिरी टोपी एका काळ्या दगडापाशी दिसली. मग नाही दिसली. मी बोट दाखवून उभी राहिले. हातमोजा कधी गळाला कळलं नाही. बाकीचे जेवणाच्या थाळ्यांनी उकरत होते, तंबूच्या काठ्या खुपसत होते, खालून मेंढपाळ धावत आले, तेही उकरायला लागले. मी बोट खाली केलं नाही. तू त्या दगडाच्या जरा खालीच सापडलीस. पण फार उशिरा. भास्कर तुझ्या तोंडात श्वास भरत राहिला. शेवटी एका म्हाताऱ्या मेंढपाळानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

खालच्या गावात नदीकाठी तुला अग्नी दिला. सहा जण परत आलो. सगळे एकत्र, ओळीनं चाललो असतो तर किती जण आलो असतो, हे आमच्या सहाही जणांच्या घरच्यांना मी समजावून सांगितलं आहे. तुझ्यामुळे वाचलो, असं मी प्रत्येक घरी म्हणाले. हे तुला सांगायचं राहिलं होतं. भास्कर आता विनोद करत नाही, आणि तेही मला बघवत नाही. त्याला दोष देऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. विनोद करणं हे त्याचं काम होतं. हसू ओसरल्यावर पुन्हा एकदा, नावानं, विचारणं राहिलं.

परतीच्या गाडीत भुसावळ जवळ आलं तेव्हा संगीता माझ्या शेजारी येऊन बसली. खिडकीबाहेर केळीच्या बागा लागल्या होत्या. ती बाहेर बघतच म्हणाली, “ताई, मला नको म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. पण अक्कानं माझं नाव घेतलंच नाही.”

मी तिच्या हातावर हात ठेवला. माझ्या बधिर बोटांना काही जाणवलं नाही.

तर आबांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि रविवारी ते मी सभेत त्यांच्या समोर उभी राहून वाचणार आहे. नानांना सांगितलं, त्यांनी खिळ्यांचा खण पुढे ओढला आणि विचारलं, “मोठ्या टायपात जुळवू की बारीक?” मी म्हटलं, मोठ्या. त्या उतारावर तुझा जीव गेला, तो तू मुलगी होतीस म्हणून नाही. ज्याला ऊन लागलंय असा उतार मुलगा-मुलगी बघत नाही. उशीर झाला होता, आणि सात शहाणी माणसं एका विनोदावर हसली. असं एरवी कितीदा होतं आणि काहीच बिघडत नाही. म्हणून तर पुन्हा होतं. पाटी लावायला निघालेल्या पोरांना मी सांगणार आहे, नवा बर्फ पडून ऊन लागलं असेल तर तिची पाटी खालच्या गावातच राहू द्या. ती रागावणार नाही. आणि हो, वंदना, पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द आहे. दोनदा आहे. भांडण तू जिंकलीस असं मात्र मी अजून म्हटलेलं नाही.

आता वाचणाऱ्यांनो, सुरुवातीचा प्रश्न तुमच्याकडे आहेच. आठवलं नसेल तर हरकत नाही, एक काम करा. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या घरातली मुलगी पाठपिशवी बांधून पहाडाला निघेल. तिला अडवू नका. पण स्टेशनवर, गाडी यायच्या आधी, तिच्या सगळ्या सोबत्यांसमोर तिला उभी करा आणि ‘नको’ एवढा एक शब्द तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. ती लाजेल, पोरं हसतील. हसू थांबलं की पुन्हा म्हणवून घ्या. मग त्या प्रत्येकाकडूनही, नाव घेऊन. आणि कधी ती अर्ध्या वाटेतून, खिंड न बघता परत आली, तर घरात वडीलधारं कुणीही असो, पहिला चहा तिला द्या.